इट्राकोनाझोल चालू असताना कोलेजन पेप्टाइड आणि जिममधली इंजेक्शनं, चालतं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकत असेल तर सांगा. वय ३१, पिंपरीत नोकरी, संध्याकाळी जिम. जांघेत आणि कमरेला गजकर्ण, चार-पाच महिने मेडिकलमधून आणलेल्या ट्यूब लावण्यात गेले, आता स्किनच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोल १०० ची अँटिफंगल, म्हणजे बुरशीवरची, कॅप्सूल दिवसातून दोनदा आणि वरून लावायला ल्युलिकोनाझोल दिलंय, सहा आठवड्यांसाठी. सकाळी तुम्ही कोलेजन पेप्टाइडची पावडर घेता, आणि खांदा धरलाय म्हणून ट्रेनरने बीपीसी-१५७ नावाच्या पेप्टाइडच्या इंजेक्शनची वायल आणून दिलीय, ती अजून सुरू केलेली नाही. तुम्ही विचारताय की पेप्टाइड आणि अँटिफंगल एकत्र घेतलं तर लिव्हरवर लोड येतो का, दोघांत काही रिअॅक्शन होते का.

पावडर चालेल. वायल नको, निदान हा कोर्स संपेपर्यंत तर नकोच. पण खरं सांगायचं तर तुम्ही न विचारलेल्या दोन-तीन गोष्टींची मला जास्त काळजी वाटतेय, कारण त्वचारोगाच्या ओपीडीत मी रोज गजकर्णाचे पेशंट बघते आणि 'गोळ्या घेऊनही जात नाही' म्हणणाऱ्यांचं कारण सप्लिमेंटमध्ये क्वचितच सापडतं, ते सापडतं सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या अॅसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये नाहीतर घरात उरलेल्या जुन्या ट्यूबमध्ये.

काही गोष्टी माणसागणिक बदलतात, त्या आधीच सांगून टाकते. तुम्हाला आधी कावीळ झालीय का, फॅटी लिव्हर आहे का, वीकेंडला किती पिता, हार्टचा त्रास आहे का, दमा-सर्दीचा स्टिरॉइड पंप किंवा नाकातला स्प्रे आहे का, बीपी-कोलेस्टेरॉल-शुगरच्या गोळ्या आहेत का. एकतिशीत बहुतेकांचं उत्तर 'नाही' असतं, पण फॅटी लिव्हर हल्ली तरुणांतही सर्रास दिसतं आणि ते स्वतःला माहीत नसतं. हार्ट फेल्युअर असेल तर गजकर्ण-नखांसारख्या आजारासाठी इट्राकोनाझोल देतच नाहीत. म्हणून मी खाली लिहितेय ते 'बाकी सगळं ठीक असलेला जिमला जाणारा माणूस' असं धरून.

आता रिअॅक्शन नेमकी होते कुठे ते बघू. इट्राकोनाझोल बुरशीचं एक एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे बुरशीला तिच्या पेशीचं आवरण नीट बांधता येत नाही. पण त्याच जातकुळीचं एक एन्झाइम आपल्या आतड्यात आणि लिव्हरमध्येही असतं, सीवायपी ३ए४ म्हणतात त्याला, आणि बाजारातली कितीतरी औषधं याच एका खिडकीतून शरीराबाहेर जातात. इट्राकोनाझोल ती खिडकी जवळजवळ बंद करून बसतं, मग मागे रांगेत उभी असलेली औषधं रक्तात साठत जातात. कोलेस्टेरॉलची सिम्वास्टॅटिन हे त्याचं नेहमीचं उदाहरण, दोन्ही एकत्र घेतली तर स्नायू विरघळण्यापर्यंत वेळ येऊ शकते म्हणून ती जोडी मनाच आहे. झोपेच्या काही गोळ्या, बीपीच्या अॅम्लोडिपिनच्या कुटुंबातल्या गोळ्या, नाकातले ब्युडेसोनाइड-फ्लुटिकासोनचे स्प्रे, सगळे याच रांगेतले. कॅप्सूल थांबवली म्हणून खिडकी त्याच दिवशी उघडत नाही, रक्तातलं इट्राकोनाझोल उतरायला एक ते दोन आठवडे लागतात. स्किनमध्ये तर ते त्यानंतरही काही आठवडे टिकतं, आणि ते आपल्या फायद्याचं असतं.

पेप्टाइड म्हणजे अमायनो आम्लांची, म्हणजे प्रोटीनच्या मण्यांची, छोटी साखळी; तिला सहसा या रांगेत उभंच राहायचं नसतं. तुमची कोलेजन पावडर म्हणजे मासे नाहीतर गुरांच्या कातडी-हाडांमधलं प्रोटीन, कारखान्यात एन्झाइमने तोडून बारीक केलेलं. पोटात गेल्यावर पेप्सिन आणि पुढे स्वादुपिंडाची एन्झाइमं ते अजून बारीक करतात, उरतात सुटी अमायनो आम्लं आणि दोन-तीन अमायनो आम्लांचे तुकडे. आतड्यात हे तुकडे उचलणारा वेगळा ट्रान्सपोर्टर असतो, पेप्टी-१ नावाचा. कोलेजन खाल्ल्यावर त्यातले काही तुकडे, विशेषतः हायड्रॉक्सिप्रोलिनवाले, रक्तात तसेच सापडतात हे खरंय, जाहिरातवाले त्याच्यावरच उड्या मारतात. पण त्यांना मोडायला सीवायपी लागत नाही. मटणाच्या पायाचा रस्सा प्यायलात तरी शरीराला साधारण हेच काम पडतं, आणि इट्राकोनाझोल चालू आहे म्हणून पाया सूप बंद करा असं मी कुणाला सांगितलेलं नाही. व्हे प्रोटीन, व्हे हायड्रोलायझेट, सगळ्यांना हेच लागू. म्हणजे साधं, शुद्ध, दिवसाला दहा ग्रॅमच्या आसपासचं कोलेजन पेप्टाइड आणि इट्राकोनाझोल यांत औषधाऔषधांमध्ये होते तशी टक्कर नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचा हिशोब वेगळा, पण तो अँटिफंगल नसतानाही वेगळाच असतो.

मात्र यावरून 'पेप्टाइड म्हणजे कायम सेफ' असा निष्कर्ष काढू नका. किडनी ट्रान्सप्लांटवाले जी सायक्लोस्पोरिन घेतात ना, तीही ११ अमायनो आम्लांचं पेप्टाइडच आहे, फक्त गोल कड्यासारखं वळलेलं आणि तेलात विरघळणारं, त्यामुळे पोटातली एन्झाइमं तिला तोडू शकत नाहीत आणि तिला त्याच ३ए४ च्या खिडकीतून जावं लागतं. इट्राकोनाझोल किंवा किटोकोनाझोल सोबत दिलं की तिचं प्रमाण इतकं वाढतं की आपल्याकडे ट्रान्सप्लांटचा खर्च कमी करायला डॉक्टर मुद्दाम किटोकोनाझोल जोडून सायक्लोस्पोरिनचा डोस निम्म्याखाली आणायचे. अर्थात रक्तातली पातळी मोजत मोजत. तेव्हा कुठली गोष्ट शरीर कसं मोडतं, ते बघायचं.

आता तुमचा डबा. घरी जाऊन तो उलटा करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. 'कोलेजन पेप्टाइड' एवढंच लिहिलं असेल तर प्रश्न मिटला. पण बहुतेक डब्यांत सोबत काहीतरी घातलेलं असतं. व्हिटॅमिन सी, हायल्युरॉनिक अॅसिड ठीक. कॅल्शियम-मॅग्नेशियम असेल तर वेळ सांभाळायची, का ते पुढे सांगते. बायोटिन असेल तर थायरॉइडच्या किंवा हार्टच्या ट्रोपोनिनच्या टेस्टचे आकडे चुकीचे येऊ शकतात, त्यामुळे लॅबवाल्याला सांगायचं. आणि ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट, गार्सिनिया, अश्वगंधा यांतलं काही दिसलं तर मात्र सहा आठवडे तो डबा कपाटात ठेवा, कारण या तिन्हींनी लिव्हरला सूज आल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत, आणि इट्राकोनाझोलनेही क्वचित येते. 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य आमच्या ओपीडीत रोज ऐकायला मिळतं, त्यावर मी वाद घालत नाही, फक्त कोर्सभर थांबा म्हणते. चहा प्या हो, चहाला काही नाही, कॅप्सूलमध्ये दाबून भरलेल्या अर्काबद्दल बोलतेय.

डब्यावरच्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हाही एक प्रश्नच आहे. २०२४ मध्ये केरळमधल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंट तपासून बघितल्या, त्यात जवळपास ७० टक्के डब्यांवर प्रोटीनचा आकडा एक आणि आत दुसराच होता, काहींत बुरशीचं विष निघालं, बऱ्याच ठिकाणी शिसं. त्यामुळे ट्रेनरच्या बॅगेतून सुट्या पिशवीत येणारी पावडर नको. एफएसएसएआयचा १४ आकडी लायसन्स नंबर, बॅच नंबर, सील, एवढं तरी बघून घ्या. बॉडी बनवायच्या पावडरींत लपवून स्टिरॉइड किंवा सार्म (स्टिरॉइडसारखीच स्नायू वाढवणारी रसायनं) घातलेले सापडतात, ते लिव्हरला खरोखर वाईट, आणि तिथे 'पेप्टाइड आणि अँटिफंगलचं जमतं का' हा प्रश्नच गैरलागू होतो.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते, कॅप्सूल घेताय कशी. साध्या इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला विरघळायला पोटात अॅसिड लागतं आणि पोटात जेवण लागतं. जेवण म्हणजे वरण-भात-भाजी-पोळी असं जेवण, पाण्यात कालवलेली पावडर नाही. माझ्याकडे येणारी जिमची मुलं सकाळी उठून प्रोटीन शेक पितात, त्याच घोटाबरोबर कॅप्सूल गिळतात आणि ऑफिसला पळतात, मग महिन्याने म्हणतात फरक नाही. शेकने औषधाला काही केलं नाही, जेवण नसल्यामुळे औषध नीट चढलंच नाही. तुम्ही एक कॅप्सूल दुपारच्या जेवणानंतर लगेच आणि एक रात्रीच्या जेवणानंतर लगेच घ्या, आणि कोलेजन राहू दे सकाळी जसं आहे तसं. कॅल्शियम-मॅग्नेशियमवाली पावडर, झेडएमए (झिंक-मॅग्नेशियमची गोळी), इनो, अॅसिडिटीचं गुलाबी औषध यातलं काही घेत असाल तर ते कॅप्सूलनंतर निदान दोन तास सोडून. डॉक्टरांनी सुपर बायो प्रकारची, बहुधा ६५ किंवा १३० मिलिग्रॅम लिहिलेली कॅप्सूल दिली असेल तर तिला जेवण-अॅसिडचं एवढं बंधन नसतं, पण तुम्ही १०० लिहिलंय म्हणजे ती साधी दिसतेय.

आणि आता ती अॅसिडिटीची कॅप्सूल. प्रोटीन वाढवलं की पोट फुगतं, आंबट ढेकर येतात, मग कुणीतरी सांगतं की सकाळी उपाशीपोटी पॅन-डी घे. अर्ध्या महाराष्ट्राच्या फ्रिजवर ती स्ट्रिप असते. तिच्यात दोन औषधं आहेत आणि दोन्ही इट्राकोनाझोलशी भांडतात. पॅन्टोप्राझोल पोटातलं अॅसिड कमी करतं, त्यामुळे इट्राकोनाझोल कमी शोषलं जातं, याच गटातल्या ओमेप्राझोलबरोबर घेऊन बघितलं तेव्हा रक्तातलं इट्राकोनाझोल निम्म्याहून खाली आलं होतं. आणि डॉमपेरिडोन त्याच ३ए४ च्या खिडकीतून जातं, तिथे इट्राकोनाझोल बसलेलं, म्हणून त्याची पातळी सुमारे तिप्पट होते, आणि डॉमपेरिडोन वाढलं की हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. ही जोडी नियमाने मना आहे. म्हणजे एकाच कॅप्सूलने एकीकडे तुमचं बुरशीचं औषध फुकट घालवायचं आणि दुसरीकडे हार्टला त्रास द्यायचा. तुम्ही पोस्टमध्ये अॅसिडिटीचा उल्लेख केलेला नाही, पण हे कुणी सहसा करतच नाही, कारण 'ती काय गोळी आहे का' असं वाटतं. घेत असाल तर डॉक्टरांना फोन करून सांगा, ते पर्याय देतील किंवा अँटिफंगलच बदलतील.

लिव्हरच्या लोडबद्दल. 'लोड' असं काही मोजता येत नाही, आपण रक्तात मोजतो ती एसजीपीटी-एसजीओटी ही लिव्हरची एन्झाइमं, आणि इथे जिमवाल्यांची हमखास गफलत होते. हे दोन्ही एन्झाइम स्नायूंमध्येही असतात. जोरात लेग डे मारला, नवीन प्रोग्रॅम चालू केला, की पुढचा आठवडाभर दोन्ही वाढलेले दिसू शकतात, एसजीओटी जरा जास्तच. रिपोर्टमध्ये लाल अक्षरात आकडा बघून पेशंट घाबरून अँटिफंगल बंद करतो, गजकर्ण पुन्हा पसरतं, आणि लिव्हरला तर काही झालेलंच नसतं. म्हणून एक टेस्ट कोर्सच्या सुरुवातीला करून ठेवायची, दुसरी साधारण महिन्याभराने, आणि दोन्ही वेळा आधीचे पाच-सात दिवस जड वजन उचलायचं नाही, चालणं-बिलणं चालेल. तरी आकडे वाढलेले आले तर सीपीके (स्नायूचं एन्झाइम) आणि जीजीटी (लिव्हरचं) या दोन टेस्ट जोडून करायच्या. सीपीके चढलेलं आणि जीजीटी, बिलिरुबिन नॉर्मल असेल तर बोट बहुधा स्नायूकडे जातं. उलट असेल तर लिव्हरकडे. क्रिएटिन घेत असाल तर किडनीच्या टेस्टमधलं क्रिएटिनिनही थोडं वर दिसतं, ते वेगळं सांगायचं. हे सगळं लॅबच्या कागदावर कुणी लिहून देत नाही, तुम्हीच डॉक्टरांना सांगायचं की बाबा मी जिम करतो, हे हे खातो.

आता वायल. बीपीसी-१५७ हे १५ अमायनो आम्लांचं प्रयोगशाळेत बनवलेलं पेप्टाइड. जखमा लवकर भरतात, टेंडन सुधारतं, हे जे सांगितलं जातं ते बहुतेक उंदरांवरच्या प्रयोगातून आलेलं आहे, माणसांवरचा अभ्यास अगदी तुटपुंजा. भारतात हे मंजूर औषध नाही. खेळातल्या डोपिंगवर नजर ठेवणाऱ्या वाडा या जागतिक संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना त्यावर बंदी घातली, अमेरिकेच्या एफडीएने २०२३ मध्ये ते फार्मसीत बनवून देण्याच्या बाबतीत धोक्याच्या यादीत टाकलं. बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी' असं छापलेलं असतं ना, ते विकणाऱ्याने स्वतःला वाचवायला छापलेलं असतं.

इट्राकोनाझोलशी त्याची थेट टक्कर व्हावी असं त्याच्या रचनेवरून मला वाटत नाही, ते प्रोटीनसारखंच मोडलं जाणार. पण दोन्ही एकत्र घेऊन कुणी नीट अभ्यास केलेला नाही, आणि माझा आक्षेप त्याहून वेगळा आहे. बाटलीत नेमकं काय आणि किती आहे हे ना तुम्हाला माहीत, ना ट्रेनरला. निर्जंतुक नसलेलं इंजेक्शन घेऊन ताप आला, मळमळ झाली, एसजीपीटी चढलं, तर मी काय समजायचं? अँटिफंगलने झालं की वायलने? मला दोन्ही बंद करावं लागणार आणि तुमचा सहा आठवड्यांचा कोर्स मधेच तुटणार. गजकर्णात अर्धवट कोर्स म्हणजे पुन्हा पहिल्यापासून.

शिवाय ते भरायचं कसं तेही बघा. पावडरमध्ये पाणी घालून इन्शुलिनच्या सिरिंजने 'दहा युनिट' घ्यायचं असं व्हिडिओत सांगतात. तो व्हिडिओवाला अमेरिकेतला असतो, त्याच्या हातात यू-१०० ची, म्हणजे एका मिलीला १०० युनिटच्या खुणा असलेली सिरिंज असते. आपल्याकडे मेडिकलमध्ये यू-४० ची लाल टोपीवाली सिरिंजही तितकीच मिळते, आणि तिच्यावरचे दहा युनिट म्हणजे यू-१०० वरच्या दहा युनिटच्या अडीच पट औषध. नारिंगी टोपी आणि लाल टोपी यातला फरक सांगणारा ट्रेनर मला अजून भेटायचाय. आणि तुमचं गजकर्ण कमरेला आहे म्हणता, ही इंजेक्शनं लोक पोटाला नाहीतर मांडीला टोचतात, म्हणजे चट्ट्यातूनच सुई आत जाणार, खाजवून सोललेली कातडी, वर बॅक्टेरिया. तिथे गळू व्हायला वेळ लागत नाही.

बीपीसीच्या जोडीला सीजेसी-१२९५, इपामोरेलिन, एमके-६७७ असली नावंही ट्रेनर लोक घेतात. ही ग्रोथ हार्मोन वाढवणारी, यातली एमके-६७७ ची तर गोळी असते आणि ती पेप्टाइडही नाही, फक्त त्याच दुकानात विकली जाते. ग्रोथ हार्मोन वाढलं की अंगात पाणी साठतं, बोटं-घोटे सुजतात, शुगर वर जाते. इट्राकोनाझोलही काही जणांत पायाला सूज आणतं, बीपी वाढवतं, पोटॅशियम उतरवतं, हृदय कमकुवत असेल तर श्वास लागेपर्यंत जाऊ शकतं. एन्झाइमची खिडकी बाजूला ठेवा, इथे दोघं एकाच दिशेने ढकलतात. इट्राकोनाझोलवर असताना बूट घट्ट व्हायला लागले, मोज्याचा वळ घोट्यावर खोल उमटायला लागला, तर ते व्यायामाने स्नायू फुगल्याचं, जिमच्या भाषेतलं 'पंप' नाही, डॉक्टरला दाखवा.

दुसरं अँटिफंगल चालू असलेलेही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी पटकन. टर्बिनाफिन ३ए४ ला हात लावत नाही, ते सीवायपी २डी६ नावाचं वेगळं एन्झाइम अडवतं, त्यामुळे डिप्रेशनच्या काही गोळ्या, मेटोप्रोलॉल, ट्रॅमाडॉल यांच्याशी संबंध येतो. प्री-वर्कआउटमधल्या कॅफीनचा निचराही त्याने थोडा मंदावतो, छातीत धडधडलं तर स्कूप अर्धा करा. फ्लुकोनाझोलला अॅसिड-जेवण काही लागत नाही, पण शुगरच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांबरोबर शुगर धाडकन खाली आणू शकतं. ग्रिसिओफुल्विन जेवणात जरा तूप-तेल असेल तर चांगलं शोषलं जातं, आणि त्यावर दारू नको. किटोकोनाझोलच्या गोळ्या कुणी अजून देत असेल तर का देताय ते विचारा, २०१३ मध्ये युरोपने लिव्हरच्या त्रासामुळे त्या थांबवायला सांगितल्या आणि अमेरिकेनेही वापर आवळला.

शुगर-वजनासाठी सेमाग्लुटाइड घेणारे तर आता माझ्याकडेही येतात, तेही पेप्टाइडच. त्याचा इट्राकोनाझोलशी एन्झाइमचा झगडा नाही, पण भूकच मेलेली असते, माणूस दोन घास खाऊन उठतो आणि कॅप्सूलला लागणारं पोटभर जेवण होतच नाही. त्याची गोळी असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, अर्ध्या कपाहून जास्त पाणी नाही, आणि पुढे अर्धा तास दुसरं काही नाही, म्हणजे अँटिफंगल दिवसातल्या त्यातल्या त्यात मोठ्या जेवणाबरोबरच बसवावं लागतं. अशांना मी शक्यतो जेवणावर कमी अवलंबून असलेलं काहीतरी देते.

आता तुमच्या गजकर्णाबद्दल, कारण सप्लिमेंटच्या नादात ते बाजूला पडतंय. भारतात गेली दहाएक वर्षं जे हट्टी गजकर्ण पसरलंय त्यातल्या बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नावही मिळालं, आणि तिच्यातल्या बऱ्याच प्रकारांवर टर्बिनाफिन चालत नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोल निवडलं असणार, बरोबरच केलं. तुम्ही चार-पाच महिने ज्या ट्यूब लावल्या त्यावर क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन असं काही लिहिलंय का बघा. असेल तर आजच कचऱ्यात, घरातल्या कुणाला द्यायचीही नाही. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आरामात पसरते, चट्ट्याची कडा पुसट होते, जांघेत पांढऱ्या भेगा पडतात. करदोटा घालत असाल तर कोर्सभर काढून ठेवा, घामाने ओला दोरा चट्ट्यावरच घासत राहतो, घरचे ओरडले तर माझं नाव सांगा. जिमचे कपडे घरी येऊन लगेच गरम पाण्यात, घरच्यांच्या कपड्यांपासून वेगळे, उन्हात उलटे वाळवायचे. जिमचा टॉवेल स्वतःचा. आणि घरात अजून कुणी खाजवतंय का ते विचारा, बायको-भाऊ-आई, एकट्याने औषध घेऊन उपयोग नाही. चट्टा दिसेनासा झाला म्हणून चौथ्या आठवड्यात बंद करू नका.

कोर्स चालू असताना लघवी गडद पिवळी-तपकिरी व्हायला लागली, डोळे पिवळे, अन्नावरची वासनाच गेली, उजव्या बरगडीखाली दुखतंय, किंवा पाय सुजून दम लागतोय, तर कॅप्सूल थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. नुसतं पोटात जरा ढवळलं, तोंडाला चव नाही, एवढ्यावरून बंद करायची गरज नाही.

राहिला खांदा, ज्याच्यासाठी ही वायल आली. तो एकदा ऑर्थोला दाखवा, एकतिशीत जिममध्ये धरलेला खांदा बहुतेक वेळा विश्रांती, फिजिओ आणि बेंचप्रेसचा फॉर्म सुधारून ताळ्यावर येतो. पण तिथे गेल्यावर पहिलं वाक्य 'माझं इट्राकोनाझोल चालू आहे' हे बोला. कारण खांद्यात ते स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याची शक्यता असते, ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, आणि ही दोन्ही त्याच ३ए४ च्या खिडकीतून जातात. इट्राकोनाझोलवर असताना ती शरीरात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आणि जास्त दिवस राहतात, चेहरा सुजतो, शुगर-बीपी चढतं, आणि गजकर्ण तर स्टिरॉइडवर फोफावतंच. इंजेक्शन द्यायचंच ठरलं तर कोर्स संपून दोन आठवडे होऊ द्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा. तोवर गरम शेक, फिजिओ, आणि दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल, तीही स्वतःच्या मनाने रोज नाही.